बिली स्ट्रेहॉर्न

स्ट्रेहॉर्न, विल्यम टॉमस (बिली) : (२९ नोव्हेंबर १९१५–३१ मे १९६७). अमेरिकन जॅझ संगीतकार, पियानोवादक व वाद्यवृंद-संयोजक. जन्म ओहायो राज्यातील डेटन येथे, गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात. बालपण पिट्सबर्गमध्ये गेले. औषधांच्या दुकानात नोकरी करून त्यांनी पियानो घेतला. ओढा पाश्चात्त्य अभिजात संगीताकडे होता, पण ते क्षेत्र तेव्हा गोऱ्यांपुरतेच असल्याने ते जॅझकडे वळले. ‘लश लाइफ’ हे गीत त्यांनी विशीच्या आतच लिहायला घेतले. प्रेमात पोळलेल्या, मद्यगृहांत रात्री घालवणाऱ्या माणसाचे हे मनोगत; शब्द व चाल दोन्ही त्यांचेच. तिच्या अनपेक्षित स्वरवळणांनी भल्याभल्या गायकांचा कस लागतो.

डिसेंबर १९३८ मध्ये पिट्सबर्गला विख्यात जॅझ संगीतकार व वाद्यवृंदप्रमुख ड्यूक एलिंग्टन यांची भेट झाली. स्ट्रेहॉर्न यांनी एलिंग्टन यांची एक रचना आधी हुबेहूब त्यांच्याच ढंगात वाजवली आणि मग स्वतःच्या पद्धतीने. या भेटीतून सुरू झालेली साथ अखेरपर्यंत टिकली. एलिंग्टन यांनी न्यूयॉर्कमधील घरी कसे यायचे ते सांगितले होते, त्यावरून ‘टेक द ए ट्रेन’ (‘ए’ म्हणजे तेथील भुयारी रेल्वेचा एक मार्ग) हे गीत सुचले. १९४१ मध्ये स्वामित्वधनाच्या वादामुळे एलिंग्टन यांच्या स्वतःच्या रचना रेडिओवर बंद झाल्या, तेव्हा स्ट्रेहॉर्न यांचे हेच गीत वाद्यवृंदाची ओळखधून बनले. त्यांच्या ‘चेल्सी ब्रिज’ या रचनेत दब्यूसी, राव्हेल या फ्रेंच संगीतकारांच्या स्वरसंगतींची छाया जाणवते.

स्ट्रेहॉर्न समलिंगी होते आणि त्यांनी ते लपवले नाही. पियानोवादक ॲरन ब्रिजर्स यांच्यासोबत ते १९४० च्या दशकात उघडपणे एकत्र राहत. त्या काळी जॅझच्या पुरुषी वर्तुळात हे धाडसच होते. एलिंग्टन यांच्या मागे राहिल्याने त्यांना हे जगणे शक्य झाले, असे चरित्रकार मानतात. पण याच आडोशाने त्यांचे श्रेयही गिळले. अनेक रचनांवर एलिंग्टन यांचे नाव लागले. एलिंग्टन त्यांची जाहीर स्तुती करीत, हे खरे. पण श्रोत्यांच्या मनात नाव राहिले ते एकाचेच. १९५० च्या दशकाच्या प्रारंभी दोघांत दुरावाही आला. पुढे शेक्सपिअरवरील ‘सच स्वीट थंडर’ (१९५७) व चायकॉव्स्कीच्या ‘नटक्रॅकर’चे जॅझरूप (१९६०) यांत दोघांची नावे बरोबरीने आली.

१९६३ च्या आशियाई दौऱ्यात वाद्यवृंद दिल्ली, मुंबईलाही आला होता. त्यातून ‘फार ईस्ट स्वीट’ ही रचनामालिका जन्मली. तीमधील ‘ब्लूबर्ड ऑफ दिल्ली’त साळुंकीची शीळ आहे. सर्वांत गाजलेली, इराणी शहराच्या नावाची ‘इस्फहान’ मात्र दौऱ्याआधीच, वेगळ्या नावाने तयार होती! त्याच वर्षी ते नागरी हक्कांच्या वॉशिंग्टन मोर्चात सहभागी झाले.

अन्ननलिकेच्या कर्करोगाने आजारी असताना त्यांनी ‘ब्लड काउंट’ लिहिली. मृत्यूनंतर एलिंग्टन यांनी त्यांच्या रचनांची स्वतंत्र ध्वनिमुद्रिका काढली. डेव्हिड हाज्डू यांचे चरित्र (१९९६) आणि वॉल्टर व्हान द ल्यूर यांनी केलेला हस्तलिखितांचा अभ्यास (२००२) यांमुळे कोणते संगीत कोणाचे, हे बऱ्याच अंशी वेगळे करता आले. त्यांची कागदपत्रे आता अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत.