गॅरी पँटर: भिंतीवरच्या पोस्टरपासून लहान मुलांच्या टीव्हीपर्यंत

सत्तरच्या दशकाअखेरीस लॉस एंजेलिसच्या पंक वर्तुळात, म्हणजे बंडखोर रॉक संगीताच्या जगात, ज्याची चित्रं गाजत होती, तोच अमेरिकन चित्रकथाकार गॅरी पँटर १९८६मध्ये शनिवारी सकाळच्या एका बालकार्यक्रमाच्या नेपथ्यकारांपैकी एक झाला. त्या कामासाठी त्याला टीव्हीसाठीचे एमी पुरस्कारही मिळाले. अशा वेळी ‘विकला गेला’ हा शिक्का हमखास बसतो. पँटरच्या बाबतीत तो लावण्याआधी मधली काही वर्षं नीट पाहायला हवीत.

आधीचं थोडक्यात. जन्म १९५०चा, ओक्लाहोमातला. बालपण टेक्सासात, कडक धार्मिक घरात. चित्रकलेचं शिक्षण तिथल्याच विद्यापीठात. अमेरिकन कॉमिक्स-चित्रकार जॅक कर्बीचे महामानव, जपानी राक्षसपट आणि पिकासो हे सगळं त्याने एकाच भुकेने पचवलं होतं. तो कॅलिफोर्नियात पोहोचला तेव्हा हिप्पी काळातल्या भूमिगत कॉमिक्सची, म्हणजे बड्या प्रकाशकांबाहेर निघणाऱ्या बेधडक चित्रकथांची, अवस्था वाईट होती. १९७३मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अश्लीलता ठरवताना स्थानिक समाजाच्या मापदंडांना महत्त्व दिलं आणि ही पुस्तकं ठेवणारे दुकानदार धास्तावले. गांजाची चिलीम आणि कॉमिक्स एकाच काउंटरवर विकणारी ती दुकानंही हळूहळू बंद होत गेली. नव्या माणसाने चित्रकथा काढलीच, तर ती विकायची कुठे?

उत्तर मिळालं एका पंक मासिकात. १९७७मध्ये सुरू झालेलं हे मासिक मोठ्या आकाराचं, वर्तमानपत्री कागदावरचं होतं आणि १९८०मध्ये ते बंदही पडलं. पँटरच्या चित्रकथांचा नायक जिंबो आधी त्यातच लोकांसमोर आला. काटेरी केस, चपटं नाक, कमरेला चौकड्यांचं कापड, बाकी जवळजवळ उघडा. त्याच्या गोष्टीपेक्षा रेघ बघण्यासारखी आहे. एका चौकटीत ओरबाडल्यासारखी, पुढच्या चौकटीत भूमितीच्या वहीतल्यासारखी सरळ, तिसरीत शाईचे नुसते डाग. व्यावसायिक चित्रकथेत पात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखं दिसलंच पाहिजे, असा दंडक असतो. पँटरने तो जाणूनबुजून मोडला. याच सुमारास त्याने एका स्थानिक बँडसाठी किंचाळणारं, उभ्या केसांचं डोकं काढलं. बँडचं एकही गाणं न ऐकलेल्या लोकांनाही ते डोकं ओळखू येतं.

आता वादाचा मुद्दा. १९८०मध्ये पँटरने ‘रॉझ-टॉक्स’ नावाचा एक जाहीरनामा लिहिला आणि तो लॉस एंजेलिसमधल्या एका साप्ताहिकाच्या छोट्या जाहिरातींच्या रकान्यात छापून आणला. भाड्याची खोली, जुनी मोटार अशा मजकुराच्या सोबतीने कलेचा जाहीरनामा! म्हणणं साधारण असं: विसाव्या शतकाची वीस वर्षं उरली आहेत. भांडवलशाही चांगली असो की वाईट, आपण त्याच नदीत आहोत, बुडायचं की पोहायचं एवढंच आपल्या हातात आहे. माध्यमं सुधारायला हवी असतील तर जाऊन ती स्वतः बनवा. कलादालनांच्या कृपेची वाट पाहू नका, माल बनवा आणि बाजारात घुसा.

ही भूमिका पंकच्या रूढ, बाजारविरोधी बाण्याच्या अगदी उलट होती, आणि आजही ती दोन प्रकारे वाचली जाते. काहींना तो उपरोध वाटतो, काहींना शरणागती. मला यातलं काहीच पटत नाही. तो कामाचा आराखडा होता, आणि पुढच्या घटना बघितल्या तर पँटरने तो बऱ्यापैकी अमलात आणला. बाजारात घुसल्यावर हात पोळतात हे त्याला आधीच कळलेलं असणार. १९७८-७९मध्ये त्याने एका बड्या रेकॉर्ड कंपनीसाठी एकाच संगीतकाराच्या तीन अल्बमची मुखपृष्ठं केली होती. तो संगीतकार तेव्हा कंपनीशीच भांडत होता आणि मुखपृष्ठांना त्याची संमती घेतलेली नव्हती. चित्रं मात्र आज त्याच संगीतकाराच्या नावाने ओळखली जातात.

बालकार्यक्रमाकडे या आराखड्यातून पाहिलं की चित्र बदलतं. बोलणारी खुर्ची, बोलणारी जमीन, फ्रिजमध्ये कसरती करणारे खाद्यपदार्थ, भिंतीतल्या बिळात राहणारं डायनोसॉरचं कुटुंब. पडद्याचा एकही कोपरा रिकामा नाही. ही जिंबोच्या पानांचीच गजबज होती, फक्त रंगीत, आणि ती देशभरच्या दिवाणखान्यांत पोहोचली. नेपथ्य त्याचं एकट्याचं नव्हतं, आणखी दोन चित्रकार बरोबरीचे होते, हे मात्र बरेचदा विसरलं जातं.

शिवाय याच काळात त्याचं दुसरं काम थांबलं नव्हतं. न्यूयॉर्कच्या एका प्रयोगशील चित्रकथा-मासिकाने १९८२मध्ये जिंबोचं पुस्तक काढलं होतं, पुठ्ठ्याच्या खोक्यासारखं मुखपृष्ठ असलेलं. १९८८मध्ये मोठ्या प्रकाशनाकडून आलेल्या जिंबोच्या पुस्तकात अणुस्फोट आहे, जळणारा घोडा आहे. शनिवारी सकाळी मुलं पाहत होती त्या फ्रिजच्या आणि या घोड्याच्या मागे हात एकच होता. टीव्हीमुळे पँटर मवाळ झाला असं म्हणणाऱ्यांनी ही पानं उघडलेली दिसत नाहीत.

पुढचा प्रवास भराभर सांगता येतो. टेक्सासवासी आणि जपान्यांनी वसवलेल्या मंगळावरची ‘डाल टोकियो’ ही चित्रपट्टी आधी लॉस एंजेलिसच्या साप्ताहिकात आली, नंतर जपानमधल्या एका रेगे मासिकात, आणि २०१२मध्ये तिचं पुस्तक झालं. २००४ आणि २००६मध्ये जिंबो इटालियन कवी दान्तेच्या काव्यातल्या शुद्धिलोकातून आणि नरकातून फिरला. २०१७मध्ये इंग्रज कवी मिल्टनच्या काव्यावर बेतलेलं पुस्तक आलं, त्यात मात्र जिंबो नाही. २०२१च्या ‘क्रॅशपॅड’मध्ये तर पँटर थेट हिप्पी कॉमिक्सच्या शैलीकडे गेला. पंकवाले ज्या पिढीची टर उडवत, तिचीच ती शैली.