विद्यापीठे ऑनलाइन भामट्यांच्या तावडीत कशी सापडली

बारावीचा निकाल लागला की प्रवेशाची धांदल सुरू होते आणि तिच्या पाठोपाठ फोन-मेसेजही. 'तुमची शिष्यवृत्ती मंजूर झाली आहे, खात्याची पडताळणी करायची आहे, आलेला ओटीपी सांगा.' 'व्यवस्थापन कोट्यात एकच जागा उरली आहे, संध्याकाळपर्यंत टोकन भरा.' वर्ग सुरू झाले की प्राध्यापकांची पाळी येते. कुलगुरूंचा फोटो डीपीला लावलेल्या अनोळखी नंबरवरून 'मीटिंगमध्ये आहे, फोन घेता येणार नाही, एक तातडीचं काम होतं' असा मेसेज पडतो आणि पुढच्या दोन-तीन वाक्यांत गोष्ट गिफ्ट कार्डांवर येऊन पोचते.

हे सगळे स्मार्टफोन आणि यूपीआय आल्यावर सुरू झाले, अशी आपली समजूत असते. पैसे पळवण्याची वाट नवी आहे हे खरे. पण विद्यापीठ सोपे सावज का ठरते आणि त्यावर कोणते उपाय चालतात, हा प्रश्न जवळपास चाळीस वर्षे जुना आहे.

इंटरनेट वाढले तेच मुळी विद्यापीठांच्या आवारात. भारतातही १९८६ साली सुरू झालेल्या 'अर्नेट' या शिक्षण-संशोधन जाळ्याच्या प्रकल्पाने आधी आयआयटी, बंगळुरूची आयआयएससी आणि मुंबईची एनसीएसटी अशा संस्था जोडल्या; सामान्य ग्राहकाला व्हीएसएनएल या सरकारी दूरसंचार कंपनीचे इंटरनेट मिळाले १५ ऑगस्ट १९९५ ला. सुरुवातीच्या त्या जाळ्यावर सगळे एकमेकांचे सहकारी होते. एका विभागाच्या संगणकाने दुसऱ्या विभागाच्या संगणकावर पासवर्ड न विचारता विश्वास ठेवावा, अशी सोयच करून ठेवलेली असे.

हा विश्वास पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर अंगाशी आला तो २ नोव्हेंबर १९८८ च्या संध्याकाळी. कॉर्नेल विद्यापीठातला पदव्युत्तर विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस याने एमआयटीच्या एका संगणकावरून एक प्रोग्राम सोडला. स्वतःच्या प्रती काढत तो पसरत गेला. त्याने मेल पोचवणाऱ्या सॉफ्टवेअरमधली पळवाट वापरली, संगणकांचा आपसातला विश्वास वापरला आणि लोकांचे सोपे पासवर्डही ओळखले. त्या वेळी इंटरनेटला सुमारे ६०,००० संगणक जोडलेले होते; त्यांपैकी ६,००० च्या आसपास ठप्प झाले असा अंदाज पुढे रूढ झाला. पैसे कोणाचेच चोरीला गेले नाहीत. मॉरिसला १९९० मध्ये दोषी ठरवण्यात आले आणि तीन वर्षांची प्रोबेशन (म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेख), ४०० तासांची समाजसेवा आणि दंड अशी शिक्षा झाली.

या प्रकरणातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा तपशील वेगळाच आहे. प्रोग्राम हाताबाहेर गेल्याचे कळताच हार्वर्डमधल्या त्याच्या मित्राने, अँडी सडथने, त्याच रात्री एक निनावी इशारा पाठवला: असा असा प्रोग्राम सुटला आहे आणि तो अमुक प्रकारे थांबवता येईल. पण जाळे तुंबलेले, जोडण्या तोडून टाकलेल्या. त्यामुळे तो मेल वेळेत पोचलाच नाही. दरम्यान बर्कली, पर्ड्यू, एमआयटी अशा ठिकाणची माणसे रात्रभर जागून तोच प्रोग्राम उलगडत बसली होती. उपाय ठाऊक असलेला माणूस होता, उपाय हवा असलेली माणसे होती आणि त्यांना जोडणारी वाट मात्र नव्हती. ही उणीव भरून काढण्यासाठीच त्याच महिन्यात अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशांतून पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात 'सर्ट' हे समन्वय केंद्र उभे राहिले. घटना घडली की कोणाला सांगायचे आणि त्याने पुढे कोणाकोणाला कळवायचे, एवढे साधे काम. भारतात याच धर्तीवर 'सर्ट-इन' सुरू झाले, जानेवारी २००४ मध्ये.

मे २००० मध्ये 'आय लव्ह यू' असा विषय असलेला व्हायरसचा मेल जगभर फिरला. त्यामागचा ओनेल दि गुझमान हा मनिलातल्या एका संगणक महाविद्यालयाचा विद्यार्थी. इंटरनेटचे पासवर्ड चोरणारा प्रोग्राम त्याने आधी प्रबंधाचा विषय म्हणून मांडला होता आणि महाविद्यालयाने तो नाकारला होता. फिलिपाइन्समध्ये तेव्हा या गुन्ह्यासाठी कायदाच नव्हता, त्यामुळे खटला टिकला नाही. या मेलने जगाला दाखवून दिले की यंत्रातली फट शोधायची गरज नाही. ओळखीच्या माणसाच्या नावाने मेल आला की समोरचा तो उघडतोच.

हे किती खरे आहे याचे मोजमापही एका विद्यापीठातच झाले. २००५ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाच्या संशोधकांनी सोशल नेटवर्कवर उघड असलेल्या माहितीतून कोण कोणाचे मित्र आहेत हे गोळा केले आणि विद्यार्थ्यांना मित्राच्या नावाने बनावट मेल पाठवले. मेलमधली लिंक उघडली की विद्यापीठाचा पासवर्ड मागणारे पान येई. अनोळखी माणसाच्या नावाने मेल गेला तेव्हा १६ टक्के विद्यार्थ्यांनी पासवर्ड दिला. मित्राच्या नावाने गेला तेव्हा ७२ टक्के. प्रयोग जाहीर झाल्यावर मोठा गदारोळ झाला. न विचारता आमच्यावर प्रयोग केलाच कसा, हा विद्यार्थ्यांचा सवाल रास्तच होता. मात्र चर्चेसाठी उघडलेल्या व्यासपीठावर प्रतिक्रियांचा पाऊस पडला तरी 'मी फसलो' असे एकानेही लिहिले नाही, अशी नोंद संशोधकांनी केली आहे. बहुसंख्य फसले होते आणि कबूल करायला कोणी तयार नव्हते. मला या सगळ्या इतिहासाचा गाभा इथे दिसतो. भामट्याचे निम्मे काम आपली लाजच करते.

त्यानंतरची काही वर्षे आशेची होती. कार्नेगी मेलनमध्ये पोन्नुरंगम कुमारगुरू (पुढे ते दिल्ली आणि हैदराबादच्या ट्रिपल आयटीत प्राध्यापक झाले) आणि त्यांचे सहकारी वेगळ्या पद्धतीने शिकवू पाहत होते. खोट्या मेलवर क्लिक केले की त्याच क्षणी चित्रकथेतून समजवायचे: पत्ता कसा पाहायचा, घाई का करायची नाही. विद्यापीठातल्या ५१५ जणांवरच्या प्रयोगात हे शिकलेले २८ दिवसांनंतरही टिकल्याचे दिसले आणि २००९ मध्ये तो निबंध प्रसिद्ध झाला. 'आपणच खोटे मेल पाठवायचे आणि जो फसेल त्याला धडा द्यायचा' ही रीत पुढे जगभरच्या कंपन्यांत आणि विद्यापीठांत रुजली.

ती मोठ्या प्रमाणावर तपासली गेली तेव्हा चित्र पालटले. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठाच्या संशोधकांनी एका कंपनीतल्या १४,००० कर्मचाऱ्यांवर १५ महिने लक्ष ठेवले. क्लिकनंतर लगेच धडा देण्याचा फायदा त्यांना दिसला नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथल्या आरोग्य विभागात सुमारे १९,५०० कर्मचाऱ्यांवर आठ महिने प्रयोग झाला. २०२५ मध्ये आलेला निष्कर्ष असा की प्रशिक्षण मिळालेले आणि न मिळालेले यांच्या फसण्यात सरासरी फक्त १.७ टक्क्यांचा फरक पडला. पण झुरिकच्या अभ्यासात एक गोष्ट ठळकपणे चालली: संशयास्पद मेल कळवण्यासाठी दिलेले बटण. कर्मचाऱ्यांनी ते महिनोन् महिने न कंटाळता वापरले आणि पहिल्या काही जणांच्या इशाऱ्यावरून बाकीच्यांना वेळेत वाचवता येते हे दिसले. एकेका माणसाला अभेद्य करण्याचा खटाटोप फारसा फळत नाही. ज्याला शंका आली त्याची शंका इतरांपर्यंत झटपट पोचवणे फळते. कॉर्नेलसारखी विद्यापीठे आपल्या आवारात येणाऱ्या बनावट मेलचे नमुने जसेच्या तसे सर्वांसमोर ठेवतात, तेही याचसाठी. सडथचा न पोचलेला मेल इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

चोरांचे हेतूही दरम्यान बदलत गेले. कॅनडातल्या एडमंटन इथल्या मॅकइवन विद्यापीठाला २०१७ मध्ये बांधकाम कंत्राटदाराच्या नावाने मेल आले: आमचे बँक खाते बदलले आहे, यापुढचे पैसे नव्या खात्यात भरा. लेखा विभागाने खाते बदलले आणि १.१८ कोटी कॅनेडियन डॉलर रवाना झाले. खऱ्या कंत्राटदाराने थकलेले बिल मागितले तेव्हा उलगडा झाला. यात ना व्हायरस होता ना कसले तांत्रिक कसब. खाते बदलण्याआधी कंत्राटदाराच्या जुन्या, माहितीतल्या नंबरवर फोन करायचा, एवढी एक पायरी कामाच्या पद्धतीत नव्हती. बरीचशी रक्कम पुढे परत मिळाली. पुण्यातल्या एका खाजगी विद्यापीठाला आयआयटीचा प्राध्यापक असल्याचे भासवून, सरकारी प्रकल्पांचे आमिष दाखवून सुमारे अडीच कोटी रुपयांना गंडा घातल्याचे प्रकरण २०२५ मध्ये पोलिसांकडे गेले. त्याची जातकुळी हीच.

काहींना पैशांपेक्षा विद्या हवी होती. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेने नऊ इराणी नागरिकांवर आरोप ठेवले. 'तुमचा लेख वाचला, आवडला, याच विषयावरचे हे लेखही पाहा' असे मेल प्राध्यापकांना पाठवायचे आणि लिंक उघडली की त्यांच्याच ग्रंथालयाच्या लॉगिनसारखे हुबेहूब पान दाखवायचे. आरोपपत्रानुसार अमेरिकेतली १४४ आणि इतर देशांतली १७६ विद्यापीठे यात लक्ष्य झाली. आपल्या संशोधनाचे कौतुक करणारा मेल कोणता अभ्यासक उघडणार नाही?

त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याला आलेला मेल तर क्लिकही न करता घातक ठरला. तो नुसता पाहिला गेला आणि त्याचे लॉगिन चोरीला गेले. अनेक वर्षांच्या नोंदी असलेल्या यंत्रणेत चोर शिरले. पण या विद्यापीठाने पुढे जे केले ते अनुकरणीय होते. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्यांनी तारीखवार अहवालच जाहीर केला: कोणता मेल कधी आला, चोर कुठून कुठे गेले, आमचे कुठे चुकले.

नेदरलँड्सच्या मास्ट्रिक्ट विद्यापीठाने तोच कित्ता गिरवला. तिथे १५ आणि १६ ऑक्टोबर २०१९ ला दोन संगणकांवर बनावट मेलमधल्या लिंक उघडल्या गेल्या. चोर दोन महिने गुपचूप आत वावरले आणि नाताळच्या तोंडावर, २३ डिसेंबरला, २६७ सर्व्हर एका फटक्यात कुलूपबंद झाले. प्रबंध, संशोधन, परीक्षांची तयारी, सगळे अडकले. विद्यापीठाने ३० बिटकॉइन, म्हणजे तेव्हाचे सुमारे दोन लाख युरो, खंडणी दिली. हा निर्णय योग्य होता का यावर आजही दुमत आहे. पण ५ फेब्रुवारी २०२० ला त्यांनी परिसंवाद भरवून तपास अहवाल सर्वांपुढे मांडला, इतर विद्यापीठांनी शिकावे म्हणून. पुढे खंडणीचा काही भाग पोलिसांनी शोधून गोठवला. बिटकॉइनचे भाव चढल्यामुळे २०२२ मध्ये त्याचे मोल पाच लाख युरोंच्या घरात गेले होते. ते पैसे अडचणीतल्या विद्यार्थ्यांसाठी वापरण्याचे विद्यापीठाने ठरवले. अमेरिकेतल्या लिंकन कॉलेजचे नशीब असे नव्हते. कोविडने खिळखिळी झालेली १८६५ सालची ही संस्था डिसेंबर २०२१ च्या खंडणी हल्ल्यातून सावरलीच नाही आणि मे २०२२ मध्ये बंद पडली.

भारतात धक्का बसला तो २३ नोव्हेंबर २०२२ ला, दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर सायबर हल्ल्याने बंद पडले तेव्हा. कायदे तोवर होते. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात नंतर आलेली ६६-क आणि ६६-ड ही कलमे दुसऱ्याची ओळख चोरणे आणि तोतयेगिरी करून ठकवणे यांसाठीच आहेत. पण २०१६ मध्ये यूपीआय आले आणि विद्यार्थ्याच्या खिशातला फोनच बँक झाला. पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायलाच लागतो, हे साधे सूत्र पोचायच्या आत कित्येक जण पैसे 'स्वीकारण्यासाठी' पिन टाकून बसले. सरकारने तक्रारीसाठी हेल्पलाइन आणली; आज तिचा क्रमांक १९३० आहे. तिथे नोंद झाली की पैसे ज्या बँकेत गेले तिला कळते, रक्कम शिल्लक असेल तर रोखली जाते आणि पुढे सरकली असेल तर पुढच्या बँकेला निरोप जातो. म्हणून पहिला तास मोलाचा असतो. तो बहुतेकदा 'घरी कसं सांगू' या विचारातच निघून जातो.

वसतिगृहांतून आता आणखी एक विषय उघडपणे बोलायला हवा, तो भाड्याच्या खात्यांचा. 'तुझं खातं आणि एटीएम कार्ड काही दिवस दे, व्यवहारामागे कमिशन मिळेल' असे सांगणारा बहुधा ओळखीचाच सीनियर असतो. त्या खात्यातून फिरतात ते कुणा निवृत्त शिक्षकाला 'डिजिटल अरेस्ट'ची, म्हणजे व्हिडिओ कॉलवरच्या तोतया पोलिसांच्या अटकेची, भीती घालून उकळलेले पैसे. पोलीस येतात ते खात्यावर ज्याचे नाव आहे त्याच्या दारात. इथे विद्यार्थी फसवला जातो आणि फसवणुकीत सामीलही होतो. ओटीपी देऊ नका एवढेच सांगणाऱ्या पत्रकांत ही गोष्ट क्वचित सापडते.

दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी सायबर जागरूकता दिवस पाळावा, असे यूजीसीने विद्यापीठांना कळवलेले आहे. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते, पण ती माहिती जाते सर्ट-इनकडे. आपला आधार क्रमांक, जातीचा दाखला, बँक खाते ज्यांनी प्रवेश अर्जासोबत दिले, त्या मुला-मुलींना थेट सांगण्याचे बंधन त्यात नाही. ते बंधन आले २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात: माहिती फुटली तर ज्याची फुटली त्याला कळवलेच पाहिजे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि हे कलम लागू व्हायला तेव्हापासून १८ महिन्यांची मुदत आहे. कॅनबेरा आणि मास्ट्रिक्टने जे आपणहून केले, त्याचा निदान पहिला भाग तरी आपल्या विद्यापीठांना त्यानंतर कायद्यानेच करावा लागेल.