बेटी बूप

न्यूयॉर्कच्या फ्लायशर स्टुडिओचं कार्टून पात्र. काळ साधारण १९३० ते १९३९. पहिल्यांदा दिसली 'डिझी डिशेस' मधे (ऑगस्ट १९३०), तेव्हा ती बाई नव्हतीच, लोंबत्या कानांची कुत्री होती, १९३२ च्या सुमारास त्याच कानांची गोल इअररिंग्ज झाली. ड्रॉइंग स्टुडिओतल्या अ‍ॅनिमेटर ग्रिम नॅटविकचं असं बहुतेक जण मानतात, स्टुडिओमालक मॅक्स फ्लायशरनेही श्रेय घेतलंय, पण नॅटविकचंच पारडं जड वाटतं.

मूळ कोणाचं यावर वाद भरपूर. गायिका हेलन केनने १९३२ मधे फ्लायशर आणि या फिल्म वितरित करणाऱ्या पॅरामाउंट कंपनीवर अडीच लाख डॉलरचा दावा ठोकला, माझा चेहरा आणि 'बूप-ऊप-अ-डूप' ही गाण्यातली लकब दोन्ही ढापलं म्हणून. १९३४ मधे केस चालली, बेटीला आवाज देणाऱ्या मुलीही साक्षीला आल्या. बचाव पक्षाने बेबी एस्थर या कृष्णवर्णीय बालगायिकेची १९२८ ची बोलती फिल्म कोर्टात दाखवली आणि केनने तिचा शो पाहिला होता असं एस्थरच्या मॅनेजरने सांगितलं. केन हरली. मात्र यावरून 'खरी बेटी म्हणजे एस्थर' म्हणणं जरा जास्तच होतं, कारण कोर्टाने एवढंच म्हटलं की ही स्टाइल एकट्या केनची आहे हे सिद्ध झालं नाही. चेहरा केनवरूनच आला असावा, स्वतः नॅटविकने नंतर तसंच सांगितलं. (एस्थरचा म्हणून नेटवर फिरणारा तो फेमस फोटो तिचा नाहीच, अलीकडच्या एका मॉडेलचा आहे.)

सुरुवातीची बेटी म्हणजे जॅझच्या जमान्यातली शहरी पोरगी, आखूड स्कर्ट, मांडीवर गार्टर (मोजा धरून ठेवणारा पट्टा), कोणाला भीक न घालणारी. 'मिनी द मूचर' (१९३२) मधे जेवणावरून आईबाप तिला झापतात, बापाचं डोकं बडबडता बडबडता ग्रामोफोन होतं आणि आई शांतपणे रेकॉर्ड बदलते. बोलण्यावरून घर स्थलांतरितांचं हे कळतं (फ्लायशर कुटुंब स्वतः क्राकोहून आलेलं ज्यू). बेटी पळून जाते, गुहेत जॅझ गायक कॅब कॅलोवेच्या नाचावरून रोटोस्कोपने (खऱ्या चित्रीकरणावरून फ्रेम-फ्रेम गिरवून) ट्रेस केलेलं वॉलरसचं भूत भेटतं आणि ती घाबरून परत घरी. म्हणजे बंड आहे, पण रात्री झोपायला घरीच! त्याच वर्षीच्या 'बूप-ऊप-अ-डूप' मधे सर्कसचा मालक नोकरीची धमकी देऊन अंगचटीला येतो, ती साफ नकार देते, आणि हे मुलांचं कार्टून नव्हतं, मोठ्यांबरोबर थिएटरात बघायचं होतं.

जुलै १९३४ पासून हॉलिवूडची सेन्सॉर आचारसंहिता सक्तीने लागू झाली. स्कर्ट लांबला, गार्टर गेला, बाही आली, बॉयफ्रेंड बिंबो गायब, त्याच्या जागी पजी नावाचं कुत्र्याचं पिल्लू आणि १९३५ पासून ग्रॅम्पी आजोबा. बेटी घरकामाला लागली. संहितेनेच तिला संपवलं असं सर्रास लिहितात, पण १९३३ मधे तिच्याच फिल्ममधून पडद्यावर आलेला पॉपाय हा खलाशी तोवर स्टुडिओचा हुकमी एक्का झाला होता, हेही कारण धरावं लागतं.

१९३९ ला मालिका बंद. पुढे पन्नाशीच्या दशकात जुन्या फिल्म टीव्हीवर गेल्या.