सातबारा नसलेली शेती

बिटकॉइन वीज खातं, हे एव्हाना सगळ्यांना ठाऊक झालंय. त्यावर उतारा म्हणून 2021 मध्ये ‘चिया’ नावाचं डिजिटल नाणं आलं. काढणारा होता बिटटॉरेंट या फाइल वाटण्याच्या तंत्राचा कर्ता ब्रॅम कोहेन. वीज जाळून कोडी सोडवण्याऐवजी डिस्कवरची जागा दाखवा आणि नाणं मिळवा, अशी त्याची कल्पना. म्हणून इथे बिटकॉइनसारखं ‘खाणकाम’ नाही, ‘शेती’! फाइलला ‘प्लॉट’ म्हणायचं आणि मालकाला ‘शेतकरी’. सातबारा तेवढा नव्हता.

प्लॉट म्हणजे आधीच काढून ठेवलेल्या उत्तरांची फाइल, सुरुवातीला सुमारे 109 जीबीची. नेटवर्क दर नऊ-दहा सेकंदांनी एक प्रश्न टाकतं. ज्याच्याकडे पुरेसं जुळणारं उत्तर, त्याला बक्षीस. थोडक्यात, लॉटरी. उत्तर शोधायला वीज अगदी थोडी लागते. इथवर चिया ‘हरित’ असल्याचा दावा खराच आहे.

घोळ आहे तो पेरणीत. सुरुवातीच्या सॉफ्टवेअरमध्ये एक प्लॉट तयार होताना दीड टीबीच्या (1 टीबी म्हणजे 1000 जीबी) आसपास तात्पुरता डेटा लिहिला-पुसला जाई. काम लवकर उरकावं म्हणून त्यासाठी एसएसडी, म्हणजे चिपवर डेटा साठवणारी वेगवान डिस्क वापरत. पण एसएसडीच्या चिपवर किती वेळा लिहायचं यालाही मर्यादा असते. 500 जीबीच्या घरगुती एसएसडीची हमी साधारण 300 टीबी लिखाणापुरती, म्हणजे दोनशे प्लॉटमध्ये खलास. एरवी वर्षानुवर्षं चालणारी वस्तू महिना-दीड महिन्यात थकायची. (पुढे रॅममध्येच, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या मेमरीत, प्लॉट करायची युक्ती निघाली आणि ही झीज बरीच कमी झाली, हेही सांगायला हवं.)

मूळ बेत घराघरांत पडून असलेली जागा वापरण्याचा होता. पण जितकी जागा तितकी तिकिटं म्हटल्यावर स्वतःच्या लॅपटॉपच्या कोपऱ्यात कोण समाधान मानणार? चीन-हाँगकाँगमध्ये मोठ्या डिस्क मिळेनाशा झाल्या, भाव चढले. वर्ष संपायच्या आत जगभरची ‘शेती’ 30 एक्साबाइटच्या, म्हणजे तीन कोटी टीबीच्या पुढे गेली. 10 टीबीची एक डिस्क धरली, तर तीस लाख डिस्क! त्यांत ना कुणाचे फोटो, ना कसल्या नोंदी, नुसती तिकिटं. डिस्क फिरवायची वीज मोजली गेली. डिस्क घडवताना गेलेले धातू, पाणी आणि वीज मात्र कुणाच्या वहीत चढली नाही.

पुढे नाण्याचा भाव कोसळला आणि डिस्क जुन्या बाजारात आल्या. 2025 च्या सुरुवातीला जर्मनीत नव्या म्हणून विकलेल्या काही डिस्क हजारो तास चाललेल्या निघाल्या. त्या चीनमधल्या चियाच्या शेतांतूनच आल्या असाव्यात, असा संशय घेतला गेला.