डाग पांढरा, पण कशामुळे?

मुलाच्या गालावर फिकट डाग दिसला की आपल्या गोव्यात घरबसल्या तीन निदानं होतात: पोटात जंत झालेत, कॅल्शियम कमी पडलंय, नाहीतर माशांवर दूध प्यायला म्हणून कोड आलं. मासे-दुधाचं तर पेडण्यापासून काणकोणापर्यंत कुणालाही विचारा, ठासून सांगतील. तिन्हींना वैद्यकीय आधार नाही.

त्वचा फिकी दिसण्याची कारणं मुळातच वेगवेगळी. कोडात रंग बनवणाऱ्या पेशीच नष्ट होतात. गालावरच्या नेहमीच्या चट्ट्यात, ज्याला डॉक्टर पिटिरियासिस अल्बा म्हणतात, पेशी शाबूत असतात. कोरडेपणामुळे आणि सौम्य दाहामुळे रंग थोडा कमी पडतो. मे महिनाभर उन्हात खेळून बाकीचा चेहरा रापला की हा चट्टा 'अचानक' दिसू लागतो. दमट हवेत मानेवर-पाठीवर उठणारी शिबं बुरशीची. काजूच्या बिया भाजताना टरफलातलं तेल लागून कातडी पोळली, तर बरी झाल्यावरही तिथे फिका डाग राहू शकतो. आणि एक जन्मजात डाग असाही असतो, ज्यात रंग पुरेपूर असतो; तिथल्या रक्तवाहिन्या तेवढ्या आकसलेल्या असतात.

हा शेवटचा ओळखायला काचेची पट्टी पुरते. ती डागाच्या कडेवर दाबली की शेजारच्या त्वचेतलं रक्त बाजूला सरतं, तीही तितकीच फिकी होते आणि कड दिसेनाशी होते. रंगद्रव्य कमी असलेला डाग मात्र काचेखालीही तसाच राहतो. इतकी स्वस्त आणि इतकी नेमकी चाचणी मला तरी दुसरी माहीत नाही.

अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट विल्यम्स वुड यांनी 1903 च्या सुमारास एक खास काच बनवली. तिच्यात दिसणारा प्रकाश अडतो आणि 365 नॅनोमीटरच्या आसपासचे अतिनील किरण पार होतात. वुड्स लॅम्प तो हाच. मेलॅनिन, म्हणजे त्वचेचं रंगद्रव्य, हे किरण शोषून घेतं. कोडाच्या डागात मेलॅनिनच नसल्याने ते त्वचेच्या खालच्या थरातल्या कोलॅजेन या प्रथिनापर्यंत पोचतात, ते उजळतं आणि डाग निळसर पांढरा चमकतो, कड अगदी स्पष्ट. अल्बाचा डाग या उजेडात फारसा उठत नाही. शिबं पिवळट किंवा तांबूस-नारिंगी दिसतात. कधी चमकतच नाहीत, विशेषतः मूल नुकतंच न्हाऊन आलं असेल तर. पावडर, मलम, कपड्याचा धागासुद्धा चमकतो. म्हणून दवाखान्यात नेताना मुलाच्या तोंडावर पावडर थापू नये. (आपल्याकडे नेमकं उलटं होतं.) तपासणीला खोलीत काळोख लागतो, लहानग्याला आईच्या मांडीवर बसवलेलं बरं. ऑनलाइन मिळणाऱ्या जांभळ्या बॅटऱ्या घरी मारून बघू नयेत: त्यांत बऱ्याचदा साधा जांभळा उजेडच जास्त असतो, वर डोळ्यांना धोका.

डर्मोस्कोप म्हणजे साधारण दहापट मोठं दाखवणारं, स्वतःचा दिवा असलेलं भिंग. कोडाच्या डागात केसांच्या मुळांभोवती रंगाचं कडं दिसलं, तर तिथे रंगपेशी अजून आहेत. त्यांचा राखीव साठा केसाच्या मुळाशीच असतो. डागातले केसही पांढरे झाले असतील तर रंग परतणं कठीण. पसरत्या कोडात साबुदाण्यासारखे पांढरे ठिपके दिसतात, आणि डॉक्टरांच्या लेखांतही त्यांना साबुदाणाच म्हटलेलं आहे.

कुष्ठरोगाच्या चट्ट्यात घामाची छिद्रं आणि केस विरळ दिसतात, पण इथे एकट्या भिंगावर विसंबता येत नाही. कापसाचा स्पर्श आणि गरम-थंड नळ्या लावून संवेदना तपासतात. लहान मूल धड सांगत नाही, आणि चेहऱ्यावर मज्जातंतू इतके दाट की तिथली संवेदना बराच काळ टिकते. मग नसा जाड झाल्यात का हे हाताने चाचपायचं, आणि तरीही शंका राहिली तर कातडीचा छोटा तुकडा काढण्यावाचून गत्यंतर नाही. औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, रोग पूर्ण बरा होतो.

तान्ह्या बाळांत वुड्स लॅम्प वेगळ्याच कामाला येतो. झटके येणाऱ्या बाळाच्या अंगावर साध्या उजेडात न दिसणारे फिके डाग त्याच्याखाली दिसू शकतात. 5 मिलिमीटर किंवा त्याहून मोठे असे 3 डाग सापडले, तर ट्यूबरस स्क्लेरोसिस या आनुवंशिक आजाराचा संशय घेऊन डॉक्टर बाळाचा मेंदू आणि हृदय तपासायला सांगतात.