आडोशाच्या किनाऱ्यावरची लाट: एका अंदाजामागची पावणेदोनशे वर्षं

उन्हाळ्यातल्या एखाद्या सकाळी समुद्राचा अंदाज असा असतो: लाटा अर्धा मीटर, कालावधी (एका लाटेनंतर दुसरी यायला लागणारा वेळ) 14 सेकंद, सकाळी वारा मंद, दुपारनंतर समुद्राकडून जमिनीकडे. किनारा आडोशाचा, म्हणजे एका बाजूला डोंगराचं नाक समुद्रात घुसलेलं. बहुतेक जण ‘अर्धा मीटर’ वाचतात आणि पाण्यात उतरतात. खरी गोष्ट पुढच्या आकड्यात असते, त्या 14 सेकंदांत. या एका ओळीतला प्रत्येक शब्द कुठल्या तरी वादळातून, बुडालेल्या जहाजांतून किंवा वर्षानुवर्षं चाललेल्या मोजमापातून आलेला आहे. ‘आडोसा’ या शब्दाचा अर्थ कळायला तर सगळ्यात जास्त वेळ लागला.

सुरुवात दीपगृहं बांधणाऱ्यांनी केली. स्कॉटलंडचे अभियंते थॉमस स्टीव्हन्सन यांना समुद्रात भिंती उभ्या करायच्या होत्या, त्यामुळे लाट किती मोठी होऊ शकते हा त्यांच्यापुढचा रोजचा प्रश्न होता. 1852 मध्ये त्यांनी एक साधा नियम मांडला: वाऱ्याला धावायला जितकं मोकळं पाणी मिळतं, त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात लाट वाढते. मोकळं पाणी चौपट झालं की लाट दुप्पट. या मोकळ्या पाण्याच्या अंतराला इंग्रजीत ‘फेच’ म्हणतात आणि समुद्रशास्त्रात तोच शब्द रुळला आहे. स्टीव्हन्सन यांच्या सूत्रात वाऱ्याचा वेगसुद्धा नव्हता, तरी आडोशाचं पहिलं गणित तेच. समोर जमीन असेल तर फेच कमी, म्हणून लाट लहान. सामान्य माणूस आजही मनातल्या मनात हेच गणित करतो. ते निम्मंच बरोबर आहे.

हवामानाचा अंदाज लोकांपर्यंत पोहोचवण्याचं काम दुसरीकडे सुरू झालं होतं. ऑक्टोबर 1859 मध्ये वेल्सच्या किनाऱ्यावर ‘रॉयल चार्टर’ हे जहाज वादळात फुटलं आणि सुमारे साडेचारशे माणसं गेली. ब्रिटनच्या हवामान खात्याचे प्रमुख रॉबर्ट फिट्झरॉय यांनी त्यानंतर तारायंत्राने किनाऱ्यावरची निरीक्षणं गोळा करून 1861 च्या फेब्रुवारीपासून बंदरांना वादळाचे इशारे द्यायला सुरुवात केली. त्याच वर्षी 1 ऑगस्टला लंडनच्या ‘द टाइम्स’मध्ये त्यांचा पहिला सार्वजनिक अंदाज छापला गेला. हे भाकीत नाही, शास्त्रीय हिशेबातून काढलेलं मत आहे, असं ते आवर्जून सांगत. मराठीतला ‘अंदाज’ हा शब्द तो भाव नेमका पकडतो. पण फिट्झरॉय वाऱ्याबद्दल बोलत होते. लाटेबद्दल बोलायला आणखी ऐंशी वर्षं गेली.

ते घडलं युद्धामुळे. 1942 मध्ये अमेरिकी सैन्य उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरण्याची तयारी करत होतं. लाटा थोड्या चढल्या की सैनिक उतरवणाऱ्या सपाट तळाच्या नावा आडव्या होत आणि उलटत. सराव असेल तर चांगल्या दिवसाची वाट बघता येते, लढाईत येत नाही. कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेचे हॅराल्ड स्वेर्ड्रुप आणि त्यांचा तरुण विद्यार्थी वॉल्टर मंक यांनी या प्रश्नाला हात घातला. वारा किती जोरात, किती तास आणि किती अंतरावर वाहिला, या तीन गोष्टींवरून लाटेची उंची आणि कालावधी काढायचा. मग ती लाट वादळातून बाहेर पडून किनाऱ्यापर्यंत किती तासांनी पोहोचेल आणि उथळ पाण्यात फुटताना किती उंच होईल, हे सांगायचं. ही पद्धत त्यांनी लष्करातल्या हवामान अधिकाऱ्यांना शिकवली.

लाटेची उंची म्हणजे नेमकं काय, हेही तेव्हाच ठरवावं लागलं, कारण समुद्रात दोन लाटा सारख्या नसतात. सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी घ्यायची असं ठरलं, कारण अनुभवी खलाशी नजरेने जी उंची सांगत ती याच सरासरीच्या जवळ येई. आजच्या अंदाजातला ‘अर्धा मीटर’ तोच. म्हणजे अर्धा मीटर लिहिलेल्या दिवशी हजारेक लाटांतली एखादी जवळजवळ मीटरभराची येणारच. ती अंदाजाची चूक नव्हे, त्या आकड्याची व्याख्याच तशी आहे.

या पद्धतीची सगळ्यात मोठी परीक्षा एका आडोशाच्या किनाऱ्यावर, उन्हाळ्याच्या तोंडावर झाली. हे फारसं कोणी या नजरेने पाहत नाही, म्हणून थोडं थांबून सांगतो. फ्रान्समधला नॉर्मंडीचा किनारा म्हणजे सेन नदीच्या मुखाजवळचा रुंद उपसागर. त्याच्या पश्चिमेला कोतांतँ द्वीपकल्प भिंतीसारखं उत्तरेकडे गेलेलं आहे, त्यामुळे अटलांटिकच्या लाटा थेट आत येत नाहीत. जर्मनांच्या ताब्यातल्या या किनाऱ्यावर दोस्त राष्ट्रांची 5 जून 1944 ला ठरलेली चढाई हवामानामुळे एक दिवस पुढे ढकलली गेली आणि 6 जूनला झाली. वारा पश्चिम-वायव्येकडून होता. द्वीपकल्पाला खेटून असलेल्या, ‘युटा’ हे सांकेतिक नाव दिलेल्या किनाऱ्यावर त्याचा जोर कमी लागला आणि तिथे सोडलेले तरंगते रणगाडे बहुतेक सुखरूप वाळूला लागले. आडोशापासून पूर्वेकडे असलेल्या ‘ओमाहा’ किनाऱ्यावर मात्र मीटरभराहून उंच लाटा होत्या. तिथे एका तुकडीने पाण्यात सोडलेल्या 29 रणगाड्यांपैकी 27 बुडाले. एकच उपसागर, एकच सकाळ, एकच वारा.

दोनच आठवड्यांनी, 19 ते 22 जूनच्या दरम्यान, त्याच किनाऱ्यावर ईशान्येचं वादळ आलं. द्वीपकल्पाची भिंत पश्चिमेला. ईशान्येला सगळं उघडं. ‘ओमाहा’समोर उभारलेलं कृत्रिम बंदर त्यात असं मोडलं की ते पुन्हा वापरात आलं नाही. आडोसा ही जागेची कायमची मालमत्ता नसते. तो एका दिशेपुरता असतो, आणि ती दिशा लाट कुठून येते त्यावर ठरते. त्यामुळे किनारा ‘सुरक्षित’ आहे असं कोणी म्हणालं की कुठल्या वाऱ्यात, कुठल्या लाटेत, हे विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही.

युद्ध संपत आलं तेव्हा इंग्लंडमध्ये नॉर्मन बार्बर आणि फ्रिट्झ अर्सेल हे शास्त्रज्ञ एका वेगळ्याच गोष्टीच्या मागे होते. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर त्यांनी समुद्रतळावरच्या दाबाची नोंद घेतली आणि लाटांचा गोंधळ कालावधीनुसार वेगळा केला. खोल पाण्यात लांब, म्हणजे जास्त कालावधीच्या, लाटा वेगाने जातात, आखूड लाटा मागे पडतात. 14 सेकंदांच्या लाटांचा तांडा ताशी सुमारे 39 किलोमीटर वेगाने पुढे सरकतो, 10 सेकंदांचा ताशी 28 किलोमीटर. वादळ 10,000 किलोमीटर दूर असेल तर पहिला तांडा 11 दिवसांच्या आत पोहोचतो, दुसरा जवळजवळ 15 दिवसांनी. म्हणजे किनाऱ्यावर बसून आज किती सेकंदांची लाट आली, उद्या किती सेकंदांची, एवढं मोजलं तरी वादळ किती लांब होतं ते काढता येतं. 1948 मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. कॉर्नवॉलला लागलेल्या काही लाटांचा माग दक्षिण अमेरिकेच्या टोकाजवळच्या वादळापर्यंत गेला होता.

मंक यांनी हा धागा आणखी ताणला. पन्नाशीच्या दशकात मेक्सिकोजवळच्या ग्वादालूप बेटापाशी त्यांनी मोजलेल्या लाटांपैकी काहींचं मूळ हिंदी महासागरात निघालं. मग 1963 च्या उन्हाळ्यात त्यांनी न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत, पॅसिफिकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मोजणीची ठाणी मांडली. वाटेत सामोआ, निर्मनुष्य पाल्मायरा, हवाई, आणि जिथे बेटच नव्हतं तिथे ‘फ्लिप’ नावाचं शंभर मीटरहून लांब, पाण्यात उभं राहणारं जहाज. दक्षिणेकडच्या हिवाळी वादळांतून निघालेल्या लाटा त्यांनी एकेका ठाण्यावर पकडल्या. वादळाच्या परिसरातून बाहेर पडल्यावर लांब लाटांची ताकद हजारो किलोमीटरच्या प्रवासात फारशी खर्ची पडत नाही, असं त्यांना दिसलं. कुठलीही मोजणी वाचून मला इतका आनंद झालेला नाही.

उत्तर गोलार्धातल्या उन्हाळ्याच्या अंदाजाचं मर्म इथे आहे. आपल्याकडे उन्हाळा तेव्हा दक्षिणेत हिवाळा; आकाश निरभ्र, वारा पडलेला, आणि तरीही समुद्र कुठल्याशा वादळाची लाट घेऊन येतो. अशा दूरवरून आलेल्या लांब लाटांना ‘स्वेल’ म्हणतात. केरळच्या मच्छीमारांकडे त्यांच्यासाठी फार जुना शब्द आहे, ‘कल्लक्कडल’, चोरासारखा येणारा समुद्र. शास्त्रज्ञांना गणिताने जे कळलं ते त्यांना घरात शिरलेल्या पाण्याने कळलं होतं.

आता तो 14 सेकंदांचा आकडा. लाट तिच्या लांबीच्या (एका माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंतच्या अंतराच्या) निम्म्या खोलीपासून तळाला जाणवू लागते. 6 सेकंदांची लाट सुमारे 56 मीटर लांब, तिला तळ 28 मीटरवर लागतो. 14 सेकंदांची 300 मीटर लांब. तिला 150 मीटर खोलीपासून तळ लागतो. तळ लागला की लाटेचा उथळ पाण्यातला भाग मंदावतो आणि ती वळते, प्रकाशाच्या वक्रीभवनासारखी. म्हणून आखूड लाटा डोंगराच्या नाकावरून सरळ निघून जातात, आणि लांब लाट वळसा घालून थेट आडोशाच्या पुळणीवर येते. स्टीव्हन्सन यांच्या गणितातला उरलेला निम्मा भाग तो हा. वळताना तिची उंची घटते, पण ती किती घटेल हे तळाच्या उतारावर असतं. शिवाय उथळात लांब लाट जास्त फुगते: अर्ध्या मीटरची लाट सरळ किनाऱ्यावर आली, तर 6 सेकंदांची फुटताना साधारण 0.7 मीटर होते, 14 सेकंदांची मीटरभर. लांब लाटा गटाने येतात आणि दोन गटांमध्ये बराच वेळ पाणी निवांत असतं. त्या निवांतपणातच माणसं मुलांना घेऊन उतरतात.

दुपारच्या वाऱ्याची कथा त्यामानाने सोपी. जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, हवा वर जाते, खारे वारे सुटतात. रात्री उलटं होऊन मतलई वारे. सकाळी पाणी आरशासारखं का आणि तीननंतर त्यावर तीन-चार सेकंदांची खळखळ का, याचं उत्तर शाळेच्या पुस्तकात आहे. हा वारा जागच्या जागी तयार होतो, त्यामुळे डोंगर त्याला नेहमीच अडवू शकत नाही.

पुढचा प्रवास यंत्रांचा. 1968-69 मध्ये जर्मनीच्या झिल्ट बेटापासून समुद्रात 160 किलोमीटरच्या रेषेवर लाटांची वाढ मोजली गेली आणि लाटा आपसात ऊर्जा वाटून घेतात, त्यामुळे लांब लाटा पोसल्या जातात, हे तपासता आलं. 1978 मध्ये ‘सीसॅट’ उपग्रहाने रडारने समुद्राची उंची मोजली. तो काही महिनेच चालला, पण रस्ता मोकळा झाला. ऐंशीच्या दशकापासून संगणकांची प्रतिमानं सबंध पृथ्वीवरच्या लाटा कालावधी आणि दिशेनुसार मोजतात. आज मंकांच्या ठाण्यांचं काम घरबसल्या दिसतं.

अडतं ते शेवटच्या किलोमीटरवर. जागतिक प्रतिमानाचा एक चौकोन काही किलोमीटरचा असतो. त्यात डोंगराचं नाक मावतच नाही. त्यासाठी नव्वदीच्या दशकात नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठात ‘स्वॉन’सारखी किनाऱ्याजवळची प्रतिमानं तयार झाली. त्यांना समुद्रतळाचा बारीक नकाशा लागतो, आणि वाळूचा तळ एका जागी राहत नाही. हिवाळ्याच्या लाटा वाळू समुद्रात ओढून नेतात, उन्हाळ्याच्या मंद लाटा ती हळूहळू परत आणतात. समुद्रातले वाळूचे बांध सरकतात, त्यांच्यात खिंडी पडतात. फुटलेल्या लाटांचं पाणी त्या खिंडींतून जोराने समुद्राकडे परततं. पोहणारे म्हणतात, पाण्याला ओढ आहे. 1936 मध्ये अमेरिकी सागरी भूगर्भशास्त्रज्ञ फ्रान्सिस शेपर्ड यांनी याला ‘रिप करंट’ हे नाव सुचवलं, कारण आधीच्या नावात भरती-ओहोटीचा उल्लेख होता आणि तिच्यामुळे हा प्रवाह तयार होत नाही. खिंडीवर लाट कमी फुटते, म्हणून तिथलं पाणी सर्वांत शांत आणि गडद दिसतं.

ती खिंड या आठवड्यात कुठे आहे, हे कुठल्याच प्रतिमानाच्या नकाशात नसतं. जीवरक्षक ओहोटीला उंचावर उभे राहून ती शोधतात आणि तिच्यापासून दूर, पोहायला सुरक्षित पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना निशाणं रोवतात.