भिंतीचा लोणा पाण्याने धुऊ नका

दरवर्षी होळीच्या सुमारास आमच्याकडे एकाच तक्रारीचे फोन येतात. "जुन्या घराची भिंत झडतेय, खाली पांढरी पावडर पडतेय. दिवाळीत तर चांगली धुऊन रंग दिला होता." यातला 'धुऊन' हा शब्द ऐकला की आम्ही कामाच्या अंदाजात दोन आठवडे वाढवतो. म्हणून हे पत्रक. काम आम्हाला द्या किंवा तुमच्या नेहमीच्या गवंड्याला, पण त्याआधी एवढे वाचा.

ही पांढरी पावडर म्हणजेच लोणा, भिंतीतून बाहेर आलेला क्षार. तो तुम्ही पाहिलेला असतो. जोत्यापासून कमरेएवढ्या उंचीपर्यंत गिलाव्याला पोपडे सुटतात, आणि पोपडा उचलला की आत कापसाच्या तंतूंसारखे बारीक पांढरे स्फटिक उभे असतात. बोट लावले की मोडतात. वाड्यात हा बहुतेक वेळा गोठ्याच्या, मोरीच्या किंवा जुन्या संडासाच्या भिंतीलाच का धरतो, याला कारण आहे. जनावरांचे मूत पिढ्यान्‌पिढ्या जमिनीत मुरते. मातीतले जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. जमिनीची ओल भिंतीत वर चढताना ते सोबत घेऊन येते, आणि भिंतीतल्या चुन्याशी जुळून त्याचे कॅल्शियम नायट्रेट होते. गोठा मोडून तिथे दिवाणखाना केला तरी भिंतीच्या पोटातले क्षार जागेवरच राहतात.

एके काळी याच मालाला मोठा भाव होता. बिहारमधले नोनिया लोक जुन्या वस्तीची खारी माती खरवडून आणत, पाण्यात निथळवत, त्यात लाकडाची राख मिसळून उकळत आणि थंड करून सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, काढत. राखेमुळे कॅल्शियमच्या जागी पोटॅशियम येते. उकळत्या पाण्यात सोरा भरपूर विरघळतो आणि पाणी गार झाले की खाली बसतो. साधे मीठ मात्र बरेचसे पाण्यातच राहते, म्हणून दोन्ही वेगळे करता येतात. बंदुकीच्या दारूत शंभरात सुमारे पंच्याहत्तर भाग सोराच असे. त्यासाठी डच आणि इंग्रज कंपन्यांनी पाटण्याला वखारी थाटल्या, आणि १७५७ च्या प्लासीच्या लढाईनंतर वर्षभरातच बिहारच्या सोऱ्याचा मक्ता इंग्रजांनी आपल्याकडे घेतला. सोरा पाण्यात विरघळताना पाणी गार पडते. अकबराच्या दरबारात प्यायचे पाणी असेच गार करत, हे अबुल फजलने लिहून ठेवले आहे. आपल्याकडेही गावठाणाच्या जुन्या जागेला 'पांढर' म्हणतात. तिथली खारी माती घरबांधणीला वापरली असेल तर भिंत मुळातच क्षार घेऊन उभी राहते.

आता मुख्य चूक. कॅल्शियम नायट्रेट १०० ग्रॅम पाण्यात १०० ग्रॅमहून जास्त विरघळते. तुम्ही पाइपने भिंत धुता तेव्हा थोडी पावडर वाहून जाते, बाकीची विरघळून विटांत आणि दरजांत आणखी खोल जाते. भिंत आठ-दहा दिवस स्वच्छ दिसते. पुढे ती सुकू लागली की क्षार पुन्हा पृष्ठभागाकडे येतात, स्फटिक फुगतात आणि या वेळी नवा रंगही सोबत घेऊन पडतात. एका गिऱ्हाइकाने दर दिवाळीला अशी भिंत धुतली. तिसऱ्या वर्षी आम्ही गेलो तेव्हा विटांच्या कडा बोटाने निघत होत्या.

दुसरी गफलत पावसाळ्यातली. हवेत निम्म्याहून जास्त आर्द्रता असली की हा क्षार हवेतलेच पाणी ओढतो आणि पाझरतो. भिंत काळवंडलेली, ओली दिसते. लोक नळ फोडून पाहतात, गच्चीवर वॉटरप्रूफिंग करून घेतात, पैसे खर्च होतात आणि ओल तशीच राहते. पावसात ओल आणि उन्हाळ्यात पांढरी पावडर असा पाळीचा खेळ दिसला तर आधी लोण्याचा संशय घ्या.

खात्रीची जुनी परीक्षा अशी: कोरडी पावडर चिमूटभर घेऊन मोकळ्या जागेत निखाऱ्यावर टाका. नायट्रेट असेल तर निखारा फुरफुरून पेटतो. साधे मीठ असेल तर तडतडते. कोकणात, समुद्राजवळच्या घरांत बऱ्याचदा मीठच निघते. चिमटीपेक्षा जास्त घेऊ नका आणि मुलांच्या हाती देऊ नका.

करायचे काय? भिंत पूर्ण कोरडी असताना मऊ ब्रशने पावडर झाडा. खाली कागद अंथरा, पडलेले सगळे गोळा करून बाहेर नेऊन टाका. भिंतीच्या पायथ्याशी लोटले तर पहिल्या पावसात परत आत जाते. तुळशीला घालू का, असेही विचारतात. नको, त्यात मीठही असते.

पुढचे काम आम्ही लेपाने करतो. कागदाचा लगदा आणि माती ओली करून भिंतीवर बोटभर जाड थापतो आणि पूर्ण सुकू देतो. लेपातले पाणी आत जाते, क्षार विरघळवते आणि सुकताना लेपातच आणून सोडते. मग लेप काढून फेकून देतो. असे दोन-तीनदा. त्यानंतर मळलेल्या चुन्याचा गिलावा, त्यात सिमेंटचा कणही नाही.

"सिमेंट दोन दिवसांत होते, तुम्ही महिना का लावता?" असे विचारले जाते. सिमेंट ओलीला बाहेर पडू देत नाही, म्हणून ओल त्याच्या वरून वाट काढते आणि कमरेचा डाग छातीपर्यंत चढतो. चुन्याचा गिलावा श्वास घेतो आणि उरलेले क्षार स्वतःवर घेतो. काही वर्षांनी तो खरवडून पुन्हा करावा लागेल, हे आम्ही आधीच सांगतो. पण वीट शाबूत राहते. जमिनीची ओल थांबवायची तर पागोळीचे पाणी आणि परसातला उतारही पाहावा लागतो. ती पाहणी आमच्या अंदाजात धरलेली असते, तिचे वेगळे पैसे घेत नाही.

जून ते सप्टेंबर आम्ही लेपाचे काम घेत नाही, कारण लेप सुकत नाही. डिसेंबर ते मे ठीक. फोन करताना तीन गोष्टी सांगा: डाग जोत्यापासून किती वर आहे, आधी सिमेंट किंवा ऑइलपेंट लावला आहे का, आणि त्या भिंतीच्या पलीकडे आजोबांच्या काळी काय होते.